रेंज गेल्यावर पळणारा डायनासोर आणि दिवाळीतला मातीचा राजगड : गेम डिझाईन शिकायला लॅपटॉप लागतोच का?

पुणे-सातारा हायवेवर नसरापूरच्या चेलाडी फाट्याला आत वळलं की रस्ता वेल्ह्याकडे जातो. मार्गासनी मागे टाकून गुंजवण्याच्या दिशेने निघालात की डोंगर जवळ यायला लागतात आणि मोबाईलवरच्या रेंजच्या काड्या कमी व्हायला लागतात. राजगडाची वाट चढताना मध्येच कुणीतरी मोबाईल काढतं, काहीतरी शोधायला जातं आणि स्क्रीनवर येतं, "इंटरनेट नाही". त्या ओळीच्या वर उभा असतो एक छोटा डायनासोर.

पुढे काय होतं ते तुम्हाला माहितीये. अंगठा आपोआप स्क्रीनवर पडतो, डायनासोर पळायला लागतो, निवडुंग येतात, उडी मारायची. दोन मिनिटांपूर्वी रेंजला शिव्या देणारा गडी आता हायस्कोर करत असतो.

विषय वरवर किरकोळ वाटतो. पण आत्ता गेमिंगबद्दल कायदे होतायत, सरकारी धोरणं येतायत आणि याच भोर-वेल्ह्याच्या डोंगरातला राजगड जगाच्या वारसा यादीत गेलाय. या सगळ्या बातम्यांना जोडणारा एक प्रश्न आहे : खेळ बनवतं कोण, आणि तो बनवायला नक्की काय लागतं?

उत्तर शोधायला त्या डायनासोरपासूनच सुरुवात करू.

हा डायनासोर आला कुठून?

गुगल क्रोममध्ये हा खेळ २०१४ साली आला. त्यामागचा विनोद साधा होता. इंटरनेट नाही म्हणजे आपण थेट डायनासोरच्या काळात गेलो. बनवणाऱ्यांनी त्याला आतलं नाव दिलं होतं 'प्रोजेक्ट बोलन'. 'टी. रेक्स' नावाच्या इंग्लिश बँडचा गायक मार्क बोलन, म्हणून बोलन. तोही एक विनोदच.

सुरुवातीला या डायनासोरने काय काय करावं याच्या बऱ्याच कल्पना निघाल्या. त्याने डरकाळी फोडावी, पळायच्या आधी पाय झाडावा. शेवटी टीमने सगळं काढून टाकलं आणि तीनच गोष्टी ठेवल्या. पळणं, उडी मारणं, वाकणं.

२०१८ साली गुगलने सांगितलं की हा खेळ महिन्याला सुमारे २७ कोटी वेळा खेळला जातो. जिथे मोबाईल डेटा महाग किंवा बेभरवशाचा आहे, त्या देशांतून तो सगळ्यात जास्त खेळला जातो, असंही सांगितलं. त्या यादीत भारत होता. सलग खेळत राहिलं तर खेळ संपायला किती वेळ लागेल, तर टीमच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे १ कोटी ७० लाख वर्षं. म्हणजे रेंज परत येईपर्यंत तरी संपणार नाही.

आता यातली खरी गोष्ट बघा. डायनासोरमुळे इंटरनेट येत नाही. तुमचं काम होत नाही. तरी चिडचिड कमी होते. जिथे माणूस वैतागतो नेमक्या त्याच जागी कुणीतरी विचार करून एक गंमत ठेवली.

डिझाईनच्या कामात अशा गोष्टींना फार किंमत आहे. मेसेज खाली ओढून सोडला की होणारी छोटी हालचाल, चुकीचा पासवर्ड टाकला की नकारार्थी मान हलवल्यासारखी हलणारी चौकट, पैसे पोचले की वाजणारा आवाज. काम या गोष्टींशिवायही झालं असतं. पण समोरच्या यंत्राशी आपलं नातं कसं आहे, ते यातून ठरतं.

हे आपल्याकडे आधीपासून होतं का?

होतं, आणि तेही भरपूर. फक्त आपण त्याला डिझाईन म्हणत नव्हतो.

लपाछपी चालू आहे आणि कुणाच्या तरी चपलेचा पट्टा तुटला. तो काय ओरडतो? "टाईमप्लीज!" सगळा खेळ थांबतो. मोबाईल गेममधलं 'पॉज'चं बटण म्हणजे हेच. फरक एवढाच की गल्लीत ते बटण एकाने दाबलं तर सगळ्यांना मान्य करावं लागतं, आणि जास्त वेळा दाबलं तर पोरं त्याला खेळातून काढतात. म्हणजे त्या बटणाचा गैरवापर होऊ नये याचीही सोय आहे.

दुसरं उदाहरण लिंबूटिंबूचं. मोठी पोरं खेळतायत आणि कुणाचा तरी चार वर्षांचा भाऊ मागे लागलाय. त्याला घेतलं तर खेळ बिघडतो, नाही घेतलं तर तो रडत घरी जातो आणि मग आईची हाक येते. उपाय काय? त्याला लिंबूटिंबू करायचं. तो पळणार, लपणार, ओरडणार. पण आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. त्याला वाटतं आपण खेळतोय, आणि बाकीच्यांचा खेळही चालू राहतो.

आज मोठमोठे गेम स्टुडिओ नवख्या खेळाडूला पहिल्या दहा मिनिटांत कसं टिकवायचं यावर डोकं आणि पैसा खर्च करतात. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरांनी तो प्रश्न दोन शब्दांत सोडवलेला आहे.

असे नियम कुणी एका जागी बसून लिहिले नाहीत. खेळता खेळता अडचण आली, कुणीतरी तोडगा काढला, तो जमला, टिकला. लगोरीत किती दगड, आट्यापाट्यांच्या पाट्या किती लांब, हे गावागावात वेगळं असतं कारण प्रत्येक गावचं अंगण वेगळं असतं. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तपशील जागेतून येतो, आणि जिथे खेळतो ती जागा ज्याला माहीत आहे त्याला तो आधी सुचतो.

मारिओ आणि झेल्डाचं काय?

ही गोष्ट जगातल्या सगळ्यात गाजलेल्या गेम डिझायनरच्या बाबतीतही खरी आहे.

शिगेरू मियामोतो हे नाव ऐकलं नसेल, पण मारिओ नक्की माहीत असेल. मियामोतो यांचं लहानपण जपानमध्ये क्योटोजवळच्या सोनोबे या गावात गेलं. आजूबाजूला डोंगर, झाडी, तळी. तिथे भटकताना लहानपणी त्यांना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते आत गेले. पुढे १९८६ साली आलेल्या 'द लीजेंड ऑफ झेल्डा' या गेममागे तेच भटकणं होतं, असं त्यांनी अनेकदा सांगितलंय. अनोळखी वाट, पुढे काय आहे ते माहीत नाही, आणि अचानक समोर तळं. ते वाटणं त्यांना खेळात आणायचं होतं.

आता हे वाचून वेल्ह्यातल्या किंवा भोरच्या एखाद्या पोराच्या डोळ्यासमोर काय येईल? त्याच्या घरामागे अशा दहा जागा आहेत.

मारिओची दुसरी गोष्ट आणखी कामाची आहे. १९८५ साली आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चे टप्पे कॉम्प्युटरवर जाण्याआधी कागदावर काढले गेले. मियामोतो आणि ताकाशी तेझुका आलेखाच्या कागदावर चौकोन भरत बसायचे. कुठे वीट, कुठे खड्डा, कुठे पाईप. बदल करायचा असेल तर वर पातळ कागद ठेवून त्यावर नव्याने काढायचे. प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या हातात जायचा तो हा कागद.

पहिल्याच टप्प्यात मारिओ डावीकडे उभा आणि उजवीकडे मोकळी जागा. कुठे जायचं ते सांगावं लागत नाही. समोरून एक चिडका मशरूम चालत येतो, त्याला धडकलात तर मेलात. पुढच्या वेळी उडी मारता. वरच्या विटेला डोकं लागतं, त्यातून चांगला मशरूम निघतो, पाईपला आपटून परत तुमच्याकडे येतो आणि तुम्ही मोठे होता. एक ओळही न वाचता तुम्ही खेळ शिकलात. हे सगळं आधी पेन्सिलीने कागदावर ठरलेलं होतं.

स्केच म्हणजे चांगलं चित्र नव्हे का?

इथेच आपल्याकडे घोळ होतो.

महाराष्ट्रात चित्रकला म्हटलं की एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आठवतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. रंग बाहेर जायला नको, कंपासने काढलेलं वर्तुळ जुळायला हवं. या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या लाखो मुलांना हातात ब्रश दिला, हे मान्यच करायला हवं. पण त्यातून एक समज पक्का झाला की चित्र म्हणजे नीटनेटकं, पूर्ण झालेलं, भिंतीवर लावण्यासारखं काहीतरी. मग ज्याला ते जमत नाही तो म्हणतो, "आपल्याला नाही बाबा चित्रकला येत."

डिझाईनमधलं स्केच वेगळं असतं. कॅनडाचे डिझायनर बिल बक्स्टन यांनी २००७ साली या विषयावर एक आख्खं पुस्तक लिहिलं, 'स्केचिंग युजर एक्स्पिरियन्सेस'. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : स्केच पटकन व्हायला हवं, स्वस्त असायला हवं, फेकून देताना वाईट वाटू नये असं असायला हवं आणि एक नाही तर ढीगभर असायला हवेत. स्केचमध्ये बरंच काही मोघम ठेवलेलं असतं, म्हणून बघणाऱ्याला त्यात भर घालावीशी वाटते. चकाचक पूर्ण झालेल्या चित्रापुढे लोक फक्त "छान आहे" म्हणतात.

आपल्याकडे अशी एक वस्तू प्रत्येकाच्या दप्तरात होती. रफ वही.

फेअर वहीवर समास आखलेला, शाईचा डाग पडला तर ओरडा. रफ वहीला कुणी विचारत नाही. म्हणून तिच्या शेवटच्या पानांवर फुली-गोळा असायचा, नाव-गाव-फळ-फूल असायचं, ठिपके जोडून चौकोन करायचा खेळ असायचा आणि तासाला कंटाळा आला की कुणीतरी शोधून काढलेला एखादा नवाच खेळ असायचा. पान फाडून चार चिठ्ठ्या केल्या की राजा-राणी-चोर-शिपाई तयार. भांडवल शून्य.

त्या रफ वहीने आणि मारिओच्या त्या आलेखाच्या कागदाने एकच काम केलं. चुकायची मुभा दिली.

मग मातीचा किल्ला कुठे बसतो?

दिवाळीतला किल्ला हे आपलं सगळ्यात मोठं स्केच आहे.

सहामाही परीक्षा संपली की पोरं कामाला लागतात. विटा, दगड, मोडक्या फरश्या. त्यावर ओलं पोतं. पोत्यावर चिखल. वरून हळीव नाहीतर मोहरी टाकली की चार दिवसांत गडावर गवत उगवतं. तळं म्हणून ताट पुरायचं. जुनी सलाईनची नळी मिळाली की कारंजं. पाईपचा तुकडा मिळाला की भुयार. गुहेत प्लास्टिकचा वाघ. सगळ्यात वर सिंहासनावर छत्रपती शिवाजी महाराज.

मापाचा हिशोब मात्र नसतो. मावळा दरवाजापेक्षा उंच असतो. तोफेपेक्षा कोंबडी मोठी असते. पायथ्याच्या बाजारात भाजीवाली बसलेली असते आणि तिच्या शेजारी कुणाची तरी खेळण्यातली एसटी उभी असते. इतिहासाच्या तासाला हे सगळं चूक. पण प्रत्येक गोष्टीमागे पोरांनी घेतलेला निर्णय असतो. शत्रू इथून आला तर? पाणी कुठून येणार? भुयाराचं दुसरं तोंड कुठे काढायचं?

हेच प्रश्न गेम डिझायनर विचारतो. आणि दिवाळी झाली की किल्ला मोडतो, माती परत कुंडीत जाते. पुढच्या वर्षी नवा. बक्स्टन यांच्या सगळ्या अटी इथे पूर्ण होतात.

खरा राजगड गेमसारखा आहे का?

खेळासाठी गड बांधला नव्हता, लढण्यासाठी बांधला होता. पण समोरच्या माणसाने कुठे बघावं, कुठे वळावं, कुठे अडकावं याचा विचार दोन्हीकडे करावा लागतो.

रायगडाआधी वीस वर्षांहून जास्त काळ राजगड ही स्वराज्याची राजधानी होती. त्याला तीन माच्या आहेत, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. मधोमध उंच बालेकिल्ला. म्हणजे एक माची पडली म्हणून गड पडत नाही. गेमच्या भाषेत, प्रत्येक टप्पा वेगळा जिंकावा लागतो.

संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी आहे. बाहेरच्या भिंतीच्या आत दुसरी भिंत आणि मध्ये अरुंद, खोल बोळ. बाहेरची भिंत पार करून आलेल्याला वाटावं जिंकलो, आणि तो त्या बोळात अडकावा. सुवेळा माचीवर नेढं आहे, म्हणजे कातळाला पडलेलं आरपार भोक. तिथे बसून वारा खाल्ल्याशिवाय ट्रेकर परत येत नाहीत. गुंजवण्याहून चढणाऱ्या बऱ्याच जणांची वाट चोर दरवाजातून पद्मावती तलावापाशी निघते. शेवटची अवघड चढण, अरुंद दरवाजा, आणि वाकून आत गेलं की एकदम समोर पाणी. मियामोतो यांना जे वाटणं खेळात आणायचं होतं, ते इथे दर शनिवारी-रविवारी शेकडो लोकांना फुकट मिळतं.

भोरच्या बाजूला रोहिडा घ्या. बाजारवाडीतून चढलं की एकामागोमाग एक तीन दरवाजे लागतात आणि दुसऱ्या दरवाजाच्या आत पाण्याचं टाकं आहे. तीन अडथळे आणि मध्ये दम खाऊन ताकद भरून घ्यायची जागा. कुठलाही गेम डिझायनर हीच मांडणी करेल.

मग आत्ता हा विषय का निघालाय?

तीन गोष्टी एकाच वेळी घडल्यात.

पहिली, ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' जागतिक वारसा यादीत घेतला. १२ किल्ले आहेत, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. पुणे जिल्ह्यातले तीन, शिवनेरी, लोहगड आणि राजगड. वेल्हे तालुक्याचं नावही आता राजगड तालुका झालंय. म्हणजे येत्या काळात या गडांची ॲप होणार, माहितीचे फलक होणार, गेमही होणार.

दुसरी, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी सही केली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या खेळांना प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय.

तिसरी, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केलं. २०५० पर्यंतचा आराखडा आहे आणि आकडा ३,२६८ कोटी रुपयांचा.

पुण्यात या कामाची सुरुवात आधीच झालीये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम केला. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून निधी गोळा करायचा प्रयत्न केला, तो पूर्ण झाला नाही. तरी २०२० मध्ये गेम आला. त्यातली दृश्यं पहाडी चित्रशैलीवर बेतलेली, राजस्थानी वास्तू आणि गोष्ट सांगायला छाया-बाहुल्या. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाईलवर आला. म्हणजे विषय आहे, बाजार आहे, पुण्यात स्टुडिओ आहेत. राजगड पुण्यापासून दोनेक तासांवर आहे.

प्रश्न असा आहे की त्या दोन तासांच्या अंतरावरची मुलं यात कुठे असणार? खेळ विकत घेणारी, की बनवणारी?

गंमत आणि गळ यात फरक कसा ओळखायचा?

छोट्या गमतीशीर तपशीलांची दुसरी बाजूही आहे.

२०१९ ची दिवाळी आठवा. गुगल पेवर स्टॅम्प गोळा करायचे होते. दिवा, कंदील, झुमका, फूल आणि रांगोळी. पाच जमले की २५१ रुपये. बाकी सगळे मिळायचे, रांगोळी काही मिळायची नाही. मग नातेवाईकांच्या ग्रुपवर, ऑफिसात, सोसायटीत एकच चौकशी, "रांगोळी आहे का?" मीम्सचा पाऊस पडला. मजा आली हे खरं. त्या मजेत आपण किती वेळा ॲप उघडलं आणि किती जणांना त्यात ओढलं, हेही खरं.

त्यात कुणाचं फार नुकसान झालं नाही. पण हेच हत्यार पैसे लावायच्या खेळात आलं की चित्र बदलतं. नाण्यांचा खळखळाट, फिरणारं चाक, 'थोडक्यात हुकलं' असं दाखवणारा निकाल. हेही छोटे, गमतीशीर तपशीलच आहेत. फक्त माणूस खिशात हात घालेपर्यंत थांबू नये म्हणून ते बसवलेले असतात.

ओळखायची एक सोपी कसोटी आहे. बक्षीस काढून घ्या. मग कुणी खेळेल का? डायनासोर कुणी खेळायचं थांबवणार नाही. टाईमप्लीजला कुणी पैसे देत नाही. मातीच्या किल्ल्यावर पोरं तहानभूक विसरतात आणि मिळतं काय, तर हाताला चिखल.

कायदा पैशाच्या खेळावर बंदी आणू शकतो. चांगला खेळ बनवायचं काम कायद्याच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी माणसं लागतात.

मग अडचण कुठे आहे?

आपण स्केचची जागाच कमी करत चाललोय.

शहरात आता दिवाळीला तयार किल्ले मिळतात. प्लास्टरचे, रंगवलेले. आणायचे, ठेवायचे, मावळे लावायचे. फ्लॅटमध्ये माती कुठून आणणार, ही अडचण खरी आहे. पण तयार किल्ल्यात मुलाला ठरवायला काही उरत नाही.

दुसरीकडे किल्ल्यांच्या स्पर्धा वाढल्यात. त्यातून मुलं नकाशे बघतात, पुस्तकं वाचतात, खऱ्या गडावर जाऊन येतात. ही मोठी जमेची बाजू आहे. पण गुण 'हुबेहूब' असण्याला मिळायला लागले की पालक आणि मोठी माणसं हातात घेतात. कोंबडी आणि एसटी आधी बाहेर जातात, मग भुयार, मग पोरंच. अचूकपणा हवाच, विशेषतः इतिहासाच्या बाबतीत. तो फेअर वहीचा गुण आहे. रफ वही बंद करून फेअर वही भरत नाही.

धोरणांचंही तेच. स्टुडिओ, यंत्रं, सॉफ्टवेअर यांना पैसा लागतो आणि तो मिळायला हवा. पण खेळाची पहिली पायरी कागदावर होते आणि तिला वीजही लागत नाही. ज्या शाळेत कॉम्प्युटर नाही, ज्या गावात रेंज नाही, तिथेही ती होऊ शकते.

आणि तिथेच ती व्हायला हवी, कारण तपशील तिथल्या लोकांकडे आहे. पावसाळ्यात कुठला कातळ निसरडा होतो, उन्हाळ्यात कुठल्या टाक्याचं पाणी टिकतं, धुकं कुठून चढतं, वाट चुकलेले ट्रेकर नेमके कुठे चुकतात. हे गुंजवण्याच्या, पालच्या, बाजारवाडीच्या मुलांना माहीत असतं. शहरातल्या स्टुडिओने राजगडावर गेम केला तर भिंती मोजून बरोबर काढता येतील. त्या धुक्याचा खेळात काय उपयोग करायचा, हे ज्याने त्या धुक्यातून गुरं घरी आणलीत त्याला आधी सुचेल.

करायचं काय?

एका तासाचा प्रयोग आहे. शाळेत, वाडीत, सोसायटीत, कुठेही करता येईल. लागतं काय? गणिताच्या वहीतले चौकटीचे कागद, पेन्सिल, चार चिंचोके किंवा गुंड्या आणि एक फासा.

गड निवडा, समजा राजगड. चौकटीच्या कागदावर तीन माच्या आणि बालेकिल्ला ढोबळ काढा. हुबेहूब नको. आता ठरवा, खेळाडू कुठून चढणार? चोर दरवाजाची वाट जवळची पण धोक्याची, पाली दरवाजाची लांबची पण सोपी. हा पहिला निर्णय खेळाडूला घेऊ द्या. पाण्याचं टाकं आलं की ताकद भरते. संजीवनीच्या दुहेरी तटात सोंगटी गेली की बाहेर पडायला सहाच पडायला हवेत. नेढ्यात पोचलात की एक डाव बसून राहायचं, कारण वारा छान आहे. तो नियम कशाला? गंमत म्हणून. तोच नियम लोकांच्या लक्षात राहील.

मग दोघांना खेळायला द्या आणि तुम्ही गप्प बसा. कुठे अडतात, कुठे हसतात, कुठे कंटाळतात ते बघा. नियम बदला, नवा कागद घ्या. जुना फाडला तरी चालेल. तीन कागद झाले की तुम्ही जे केलंत त्याला जगभरचे स्टुडिओ गेम डिझाईन म्हणतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रेघोट्या मारायच्या त्या कागदावर आणि चिखलात. गडाच्या दगडावर नाव कोरायची हौस आता तरी सोडूया. तो वारसा जगाने मान्य केलाय, आणि तिथे खोडरबर चालत नाही.

पुढच्या वेळी राजगड चढताना रेंज गेली आणि डायनासोर दिसला तर एक डाव जरूर खेळा. पण मग मोबाईल खिशात टाका आणि सोबतच्या पोराला विचारा, "या गडाचा गेम केला तर त्यात काय काय घेशील?"

त्याने सांगितलेलं उत्तर कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि शक्य असेल तर त्याच्या रफ वहीच्या शेवटच्या पानाचा फोटोही टाका.